टनाला दहा किलो

दिवाळीला इस्लामपूरला गेलो होतो. (सरकारने २०२५ साली गावाचं नाव ईश्वरपूर करायचं ठरवलं. आमच्या घरात मात्र अजून इस्लामपूरच चालतं, म्हणून इथेही तेच लिहितो.) रात्रीची जेवणं झाली, अंगणात खुर्च्या पडल्या आणि विषय निघाला पेट्रोलचा. त्या वर्षी देशभर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जे भांडण चाललं होतं तेच आमच्या अंगणात सुरू झालं. दाजी म्हणाले, "गाडीचं ॲव्हरेज पार बसलं." तात्या म्हणाले, "आरं, पण त्या इथेनॉलवरच कारखान्याचं चार पैसं सुटत्यात, न्हाईतर उसाची बिलं कुठनं द्यायची?" दोघांचंही खरं. वाळवा तालुक्यात ऊस सोडून बोलायचं म्हटलं तर बोलायला उरतं काय!

तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, इथेनॉल किती तापमानाला किती वेळात पेट घेतं हे मोजायचं एक यंत्र असतं. शॉक ट्यूब. मला शेवटच्या वर्षाला छोटी शॉक ट्यूबच करायची होती."

"मग केली का?"

"नाही. आमच्या सरांनी सांगितलं, हे आपल्या लेव्हलचं काम नाही. मग सगळ्यांनी वर्गणी काढून तयार प्रोजेक्ट आणला. रिपोर्टसकट मिळतो."

मी दाजींकडे बघितलं. ते शांतपणे सुपारी कातरत होते. म्हणाले, "मार्क चांगले पडले की! आणि असली नळी घेऊन काय करायचंय आपल्याला? ती अमेरिकेवाल्यांची कामं."

घरात पाहुणे होते, सणाचा दिवस होता, मी काही बोललो नाही. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. दाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. त्या दिवशी बोललो नाही ते आज लिहितो. राग मानू नका. (भाच्याचं कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यातलं आहे. त्याचं नाव इथे देत नाही, कारण हा दोष एका कॉलेजचा नाहीच.)

आधी ही नळी म्हणजे काय ते सांगतो.

समजा तुम्हाला बघायचंय की एखादा वायू १२००-१३०० अंशांना किती वेगाने तुटतो. पहिला विचार येतो की भट्टीत एक नळी ठेवावी, ती लालबुंद करावी आणि त्यातून वायू सोडावा. अशा भट्ट्या असतात, त्यांचा उपयोगही होतो. पण त्यांची अडचण आपल्याकडच्या गुऱ्हाळावर उभ्या राहिलेल्या कुणालाही कळेल. काहिलीत रस उकळताना कडेला आणि बुडाला आधी तापतो. ढवळणाऱ्याचा हात जरा थांबला की तळाला करपायला लागतं आणि मधला रस अजून रसच असतो. मग विचारा की 'रस' किती तापला होता? कुठला रस? वायूचंही तसंच. नळीच्या भिंतीजवळचा वायू आधी तापतो, मधला मागून. शिवाय तापलेली भिंत स्वतःच रासायनिक क्रियेत ढवळाढवळ करते. आपल्याला वायूचा वेग मोजायचा होता, हाती येतो तो वायू आणि भिंत यांचा मिळून काहीतरी वेग.

शॉक ट्यूब हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवते. एक लांब, जाड भिंतीची धातूची नळी. तिच्या आत आडवा एक पातळ पडदा, ॲल्युमिनियमचा किंवा मायलरचा. पडद्याच्या एका बाजूला हेलियमसारखा हलका वायू भरपूर दाबाने भरायचा. दुसऱ्या बाजूला कमी दाबाने ज्याचा अभ्यास करायचा तो वायू, तोही भरपूर आर्गॉनमध्ये मिसळून अगदी थोडा. दाब वाढत गेला की पडदा फाटतो. फट्! आणि आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने एक दाबाची लाट नळीतून पुढे धावते. पुढचं टोक बंद असतं, त्यावर आपटून ती परत फिरते. जाताना एकदा आणि परतताना दुसऱ्यांदा, अशी ती वायूला दोनदा दाबते आणि दोनदा तापवते. या परतलेल्या लाटेच्या मागचा वायू मायक्रोसेकंदाच्या आसपासच्या वेळात शेकडो किंवा हजारो अंश तापतो. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) ती स्थिती टिकते एखादा मिलिसेकंद, कधी त्याहून थोडी जास्त. तेवढ्यात जे व्हायचं ते होतं. नळीच्या भिंतीला तापायला वेळच मिळत नाही, आणि भिंतीशी लुडबुड करायला वायूलाही नाही. मधला वायू काय करतो ते निर्मळ बघता येतं.

ही लाट म्हणजे काय हे भाच्याच्या आजीला मी असं सांगितलं. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या फाटकासमोर ट्रॅक्टरांची रांग असते. पुढचा थांबला की त्याच्या मागचा थांबतो, मग त्याच्या मागचा. ट्रॅक्टर पुढे येत असतात, पण 'थांबण्याची' एक रेघ मागे मागे सरकत जाते. त्या रेघेच्या एका बाजूला मोकळा रस्ता, दुसऱ्या बाजूला दाटी. बंद टोकावर आपटून परतणारी लाट अशीच असते. आजीला पटलं. म्हणाली, "म्हंजी त्यो काटा आला की गर्दी हुती तसं."

हो, तसंच. आणि काट्यावर मी येणारच आहे.

ही नळी काही काल निघालेली नाही. पॉल व्येय नावाच्या फ्रेंच माणसाने १८९९ साली ती वापरली. हाच माणूस, ज्याने १८८४ साली बिनधुराची बंदुकीची दारू शोधली. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० च्या दशकात, रसायनशास्त्राच्या लोकांनी ती उचलली. आज इंजिनात इंधन कसं पेटतं, धुरात काजळी कशी धरते, नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कशी होतात, याच्या संगणकावर केलेल्या गणितांत जे आकडे घातलेले असतात, त्यांतले कितीतरी अशा नळ्यांतून आलेले आहेत.

आणि इथेनॉल? तापलेल्या इथेनॉलच्या रेणूला तुटायला मुख्यतः दोन वाटा असतात. एका वाटेने पाणी निघून जातं आणि इथिलीन उरतं. दुसऱ्या वाटेने मधला कार्बन-कार्बन बंध तुटतो, दोन चळवळे तुकडे होतात आणि ते पुढे साखळी पेटवत जातात. कुठल्या तापमानाला कुठली वाट किती चालते यावर ते इंधन कधी पेट घेतं हे बरंचसं अवलंबून असतं. दाजींच्या ॲव्हरेजचा हिशेब निम्मा सोपा आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिसळलं तर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. उरलेला निम्मा हिशेब इंजिन त्या इंधनाला कसं जाळतं याचा आहे. तो मात्र अंगणात बसून सुटत नाही, तो मोजावा लागतो.

म्हणजे बघा. ऊस आपला, मळी आपली, इथेनॉल आपलं, ॲव्हरेजवरचं भांडणही आपलं. आणि ते जळतं कसं हे मोजायचं म्हटलं की 'ती अमेरिकेवाल्यांची कामं'!

ते खरंही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शॉक ट्यूबवर कित्येक वर्षं काम चाललं आहे. २००२ साली बी. राजकुमार, के. पी. जे. रेड्डी आणि ई. अरुणन यांनी डायक्लोरोइथेन हजार केल्विनच्या वर कसं तुटतं ते तिथल्या शॉक ट्यूबमध्ये मोजून प्रसिद्ध केलं. त्याच रेड्डींनी पुढे हाताने दट्ट्या ढकलून चालवायची, टेबलावर मावणारी छोटी शॉक ट्यूब केली. 'रेड्डी ट्यूब' म्हणून ती ओळखली जाते, आणि तिच्यावरचा लेख २०१३ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. हाताने, बरं का. सायकलच्या पंपाची चुलत बहीण म्हणा. तिच्यात आवाजाच्या दीडपट वेगाची लाट निघते. बंगळूर पेठनाक्यावरून त्याच हायवेला आहे, साता समुद्रापार नाही.

आता काटा.

आपल्या भागात काट्यावरून काय काय झालंय हे मी तुम्हाला काय सांगणार! टनाला दहा किलो मारले तरी शेतकरी गप्प बसत नाही. दहा किलो म्हणजे एक टक्का. त्या एका टक्क्यासाठी आपण मोर्चे काढतो, दुसऱ्या काट्यावर वजन करून आणतो, पावत्या जपून ठेवतो. बरोबरच आहे. मोजमाप ही न्यायाची गोष्ट आहे, हे आपल्या लोकांना कुठल्याही प्राध्यापकापेक्षा चांगलं कळतं.

तर त्याच एका टक्क्याचं गणित शॉक ट्यूबमध्ये बघा. वायू आर्गॉन, सुरुवातीचं तापमान ३०० केल्विन (२७ अंश), लाटेचा वेग आवाजाच्या अडीचपट, म्हणजे सेकंदाला साधारण ८०० मीटर. परतलेल्या लाटेमागचं तापमान सूत्राने येतं सुमारे १५४० केल्विन, म्हणजे १२७० अंश सेल्सिअसच्या आसपास. हे तापमान थर्मामीटर घालून मोजता येत नाही, तेवढा वेळच नसतो. ते काढायचं लाटेच्या वेगावरून. नळीवर अर्ध्या मीटरच्या अंतराने दाब टिपणारे दोन सेन्सर बसवायचे, आणि लाट पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात गेली ते बघायचं. हा वेळ येतो ६२० मायक्रोसेकंद. अंतर भागिले वेळ. चौथीच्या पोराचं गणित.

पण ते अंतर मोजताना तुमची पट्टी ५ मिलिमीटरने चुकली तर? ५०० मध्ये ५, म्हणजे एक टक्का. वेग एक टक्क्याने चुकला की तापमान जवळजवळ दोन टक्क्यांनी चुकतं, म्हणजे २८ केल्विनने. आणि जी क्रिया तापमानाबरोबर झपाट्याने वाढते तिचा वेग या २८ केल्विनमुळे सुमारे ४० टक्क्यांनी चुकू शकतो. (ज्यांना हिशेब करून बघायचाय त्यांच्यासाठी: सक्रियण ऊर्जा मोलला ६० किलोकॅलरी धरली आहे.) पट्टीवरचे पाच मिलिमीटर, आणि उत्तरात चाळीस टक्के!

माझं म्हणणं एवढंच आहे की शेवटच्या वर्षाच्या पोरांना हे स्वतःच्या हाताने कळायला हवं होतं. शॉक ट्यूबचं खरं शिक्षण त्या 'फट्' आवाजात नाही, ते पट्टी तीनदा लावण्यात आहे. पडदा प्रत्येक वेळी वेगळ्या दाबाला फाटतो, मग दहा वेळा करावं लागतं. दहातली तीन वाचनं बाकीच्यांशी जुळत नाहीत, मग ती का जुळत नाहीत ते शोधावं लागतं. कुठेतरी बारीक गळती असते, ती साबणाच्या पाण्याने सापडते. तयार प्रोजेक्टमध्ये यातलं काहीही नसतं. त्यातली वाचनं सगळी एका रेषेत असतात.

मला हे कसं माहीत? कारण मीही तेच केलंय. आता कबूल करतो.

बी. एस्सी.ला आम्हाला तापमानाबरोबर क्रियेचा वेग कसा वाढतो हे दाखवायचं प्रॅक्टिकल होतं. वेगवेगळ्या तापमानाला वेळ मोजायचा, आलेख काढायचा, सरळ रेषा यायला हवी. माझे ठिपके विस्कटलेले आले. शेजारच्याने सांगितलं, "वेडा आहेस का? उत्तर पुस्तकात आहे. त्यावरून उलटं गणित कर आणि वाचनं लिही." मी लिहिली. जरा खरी वाटावीत म्हणून एक-दोन ठिपके मुद्दाम किंचित बाजूला सरकवले. दहापैकी साडेनऊ मिळाले. त्या प्रयोगशाळेत परदेशी बनावटीचं एक महागडं यंत्रही होतं, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली, कुलूपबंद. तपासणी समिती यायची तेव्हाच ते कव्हर निघायचं. तीन वर्षांत मी ते चालू झालेलं बघितलं नाही.

मी काटा मारला होता, दाजी. दुसऱ्याच्या उसात नाही, स्वतःच्या शिक्षणात. आणि त्याची पावतीही मलाच मिळाली. पुढे नोकरीत एका तापमापकाची नोंद बाकीच्यांशी जुळेना, तेव्हा मला पहिली बुद्धी ती नोंद 'नीट करून' टाकायची झाली. तो तापमापक खरोखर बिघडला होता. एका जुन्या फोरमनने माझा हात धरला म्हणून निभावलं. सही केली असती तर काय झालं असतं हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

आता तुमचे आक्षेप. मी ते टाळणार नाही.

"दाबाचं काम आहे, पोरांना इजा झाली तर?" आक्षेप रास्त आहे. म्हणून पहिल्या दिवशी हेलियमचा सिलिंडर आणि पेट घेणारा वायू घेऊन कुणी बसू नये, मीही बसू देणार नाही. हाताने चालणारी छोटी नळी घ्या, आत नुसता आर्गॉन भरा. दीडपट वेगाच्या लाटेने गणिताप्रमाणे ३०० वरून ६२० केल्विनच्या आसपास तापमान येतं. त्यात इथेनॉल तुटणार नाही. पण वेग मोजता येईल, तापमान काढता येईल आणि कुठे चुकलो ते कळेल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला याहून जास्त काय हवं?

"आता सगळं संगणकावर होतं." होतं ना. पण संगणकाला क्रियांचे वेग कोण सांगतं? ते कुणीतरी, कुठेतरी, कुठल्यातरी नळीत मोजलेले असतात. ज्याने आयुष्यात एकदाही मोजलेलं नाही त्याला संगणकाचं उत्तर चुकलंय हे कळणार कसं? तो प्रिंट काढतो आणि चिकटवतो.

"हे करून नोकरी लागते का?" लागेलच असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. पण विकत आणलेल्या प्रोजेक्टने लागते असं तरी कुठे दिसतंय?

"आपल्याकडे हे कोण करून देणार?" याचा मात्र मला खरा राग येतो. आपल्या सांगली जिल्ह्यातच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली कुंडल रोडच्या माळावर, निवडुंग आणि साप यांच्यात लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगराचा कारखाना मांडला. तेव्हाही लोक म्हणत की लोखंडाने जमीन विषारी होईल, आपला लाकडी नांगर बरा. आज सांगली-मिरजेत, इचलकरंजीत, कोल्हापूरच्या शिरोलीत लेथवर शतांश मिलिमीटरला काम करणारी माणसं आहेत. एक नळी, दोन फ्लँज, एक दट्ट्या आणि सेन्सर बसवायला आटे पाडलेली दोन भोकं. त्यांच्यासाठी ते एक-दोन दिवसांचं काम. सेन्सर आणि तो वेळ टिपणारं यंत्र महाग असतं हे कबूल. पण ते यंत्र पुष्कळ कॉलेजांत आधीच असतं. कव्हरखाली.

तेव्हा 'आपल्या लेव्हलचं काम नाही' याचा खरा अर्थ वेगळाच आहे. शिकवणाऱ्याला त्यात स्वतःला शिकावं लागलं असतं, आणि वाचनं विस्कटलेली आली असती तर त्यांना मार्क कसे द्यायचे हे ठरवावं लागलं असतं. सरळ रेषेला मार्क देणं सोपं आहे. मला साडेनऊ देणाऱ्यांनाही ते सोपंच गेलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी भाचा आणि मी गावातल्या एका लेथवाल्याकडे गेलो. भाच्याने कागदावर नळी काढून दाखवली. मिस्त्रींनी चष्मा वर केला, कागद उलटासुलटा बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "या दोन भोकांत अंतर किती, आणि ते किती बरोबर पायजे?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

नळी होईल की नाही ते पुढे कळेलच. झाली तर वाचनं इथे टाकीन, विस्कटलेली आली तर विस्कटलेलीच. तोवर आपल्यापैकी ज्यांची मुलं शेवटच्या वर्षाला आहेत त्यांना एक विनंती. मार्कलिस्ट बघायच्या आधी वाचनांची वही मागा. तिच्यात खाडाखोड असेल तर पोराच्या पाठीवर थाप मारा. एकही खाडाखोड नसेल तर जरा शेजारी बसवून विचारा.

आणि दाजी, पाडव्याची सुपारी राहिली आहे. पुढच्या खेपेला ॲव्हरेजचं भांडण पुरं करू. गाडीची टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवा. अंदाजे नको!